कलेक्टरीण ॲम्प निवडते

आमच्या बँडमध्ये तीन माणसं आणि एक म्हैस आहे, हे आम्हाला बरंच उशिरा कळलं.

माणसांचं आधी सांगतो. मी अभय, गिटार वाजवतो. श्रेया बास वाजवते. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार, जी कानाला कमी आणि पोटाला जास्त ऐकू येते. विश्वजीत ऑक्टापॅड, म्हणजे काड्यांनी बडवायचा विजेवरचा रबरी ड्रम, वाजवतो आणि उरलेल्या वेळात मत देतो. मी वाळूजला कंपनीत आहे, श्रेया पतसंस्थेत आहे, आणि विश्वजीत शोधात आहे. कशाच्या, ते त्यानं सांगितलेलं नाही.

पडेगावात गोजरमावशींच्या गोठ्याला चिकटून एक खोली आहे. वर पत्रे, मध्ये विटांची भिंत, भिंतीपलीकडं गोठा. त्या खोलीत आमची प्रॅक्टिस चालते. पूर्वी तिथं कडबा असायचा. मावशींच्या मते कडबा बरा होता. गप्प पडून राहायचा.

मावशींच्या गोठ्यात आता एकच म्हैस उरलीय. तिचं नाव कलेक्टरीण. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली की दोन्ही बाजूंची वाहनं आपोआप थांबतात आणि कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही, म्हणून. बाकीच्या म्हशींना मावशींच्या पुतण्यानं, कारभारीनं, एकेक करून बाजार दाखवला. कारभारी पाचोडला राहतो. माणूस वाईट नाही. त्याला फक्त वाटतं की काकूनं आता पाचोडला येऊन अंगणात बसावं, सुनेच्या हातचा चहा प्यावा, आणि पडेगावच्या जागेवर दुकानाचे गाळे निघावेत. मावशींचं म्हणणं एकच, "कलेक्टरीण दूध देती तवर म्या हितनं हालत नाय."

हे दोघांनाही मान्य होतं. म्हणजे मावशींचं घर, गोठा, आमची खोली, सगळं त्या म्हशीच्या कासेवर उभं होतं. आम्हाला हे माहीत होतं, पण छताला खांब कुठला आहे हे जसं आपण रोज बघत नाही, तसं.

आता ॲम्पचं. आमच्याकडं एक जुना ॲम्प होता, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी लाकडी पेटी, लहान फ्रिजएवढी. मी आणि श्रेया दोघंही त्यातच वायर खुपसायचो. कार्यक्रमाला न्यायचा म्हटलं की रिक्षावाला त्याला एक सवारी धरायचा. जिना चढवताना विश्वजीतची पाठ धरायची. बऱ्याचदा तर चढवायच्या आधीच धरायची. आणि मावशी रोज संध्याकाळी धार काढून झाली की खिडकीतून डोकं आत घालायच्या.

"ए अभ्या, तुमच्या त्या पेटीनं माझे पत्रे हालत्यात. पत्र्याबरूबर माजं डोस्कं हालतं. गप वाजवायचं यंतर निघालं नाय का आजून?"

निघालं होतं.

त्याला ॲम्प मॉडेलिंग पेडल म्हणतात. पायाशी ठेवायची एक डबी असते, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी. तिच्यात जगभरातल्या नावाजलेल्या ॲम्पांच्या आवाजाच्या नकला भरलेल्या असतात. एका बाजूनं गिटारची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूनं हेडफोनची बाहेर येते. कानात लंडनचं स्टेडियम, खोलीत चिडीचूप.

पेडल निवडायचं काम विश्वजीतनं अंगावर घेतलं. त्याला त्यातलं काही वाजवायचं नव्हतं, त्यामुळं तो निःपक्षपाती होता. त्यानं इतके व्हिडिओ बघितले की झोपेत "मित्रांनो, आज आपण बघणार आहोत" असं म्हणायला लागला. त्याचा निकष एकच, डबीत ॲम्प किती आहेत. श्रेयानं विचारलं, "त्यातले बासचे किती?" तेव्हा कळलं की बहुतेक डब्यांत गिटारच्या ॲम्पांची जत्रा असते आणि बासला कोपऱ्यात एखादी सतरंजी मिळते. माझा निकष असा होता की बूट घालून दाबलं तर एका वेळी एकच बटण दाबलं जावं.

"तुला पेडल पाहिजे का पायपुसणं?" श्रेया म्हणाली.

शेवटी एक डबी तिघांना पटली. तिच्यात दोन जणांना वायर लावता येत होती, बासचे ॲम्प भले होते, बटणं लांब लांब होती, आणि विश्वजीतला खूश करायला एक जादाची करामत होती: कुठलाही खरा ॲम्प समोर ठेवला तर त्याच्या आवाजाची नक्कल ती स्वतः उतरवून घ्यायची. "ही करामत आपल्याला कशाला लागणारे?" मी म्हणालो. जुना ॲम्प आम्ही कन्नड गावच्या त्रिंबकभाऊंना विकला. त्यांनी आवाज कसा आहे, बेस किती देतो, असलं काही विचारलं नाही. "वरडतो का?" एवढंच विचारलं. आम्ही म्हणालो, ओरडतो. ते घेऊन गेले.

त्या दिवसापासून आमची प्रॅक्टिस गप्प झाली. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी मी एकटा, संध्याकाळी तिघं. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, माना हलताहेत, आणि आवाज म्हणाल तर विश्वजीतच्या काड्यांचा रबरावर टप टप. मावशींनी खिडकीतून एकदा बघितलं. दुसऱ्या दिवशी खोलीच्या दाराला लिंबू-मिरची होती.

आणि त्याच आठवड्यात कलेक्टरीणनं पान्हा चोरला.

मावशी बादली घेऊन बसल्या, कास धुतली, सड ओढले. म्हैस भिंतीकडं बघत उभी. सरकी पेंड दिली, ती खाल्ली. गूळ दिला, तोही खाल्ला. पाठीवर हात फिरवला, फिरवून घेतला. दूध मात्र नाही. हट्टानं ओढून बादलीचा तळ कसाबसा भिजायचा. तिचं रेडकू मागं दगावलेलं. तेव्हापासून ती तशीही मनाची मालकीण होती. पण इतकं कधी केलं नव्हतं.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी म्हशीला पुढून, मागून, खालून बघितलं.

"ठणठणीत आहे. घरात, आजूबाजूला काही बदललं का?"

"काय बी नाय," मावशी म्हणाल्या. "तोच गोठा, तीच दावण, म्या बी तीच." मग आमच्याकडं बघून, "ही पोरं तेवढी गप झाली."

सगळे आमच्याकडं बघायला लागले. म्हैससुद्धा.

"काय वाजवता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"रॉक," विश्वजीत म्हणाला.

डॉक्टरांनी म्हशीकडं एका वेगळ्याच आदरानं बघितलं. मग समजावून सांगितलं. जनावराला धारेच्या वेळी एखाद्या गोष्टीची सवय लागते. कुणाला बादलीच्या खडखडीची, कुणाला धार काढणाऱ्याच्या गुणगुणण्याची. ती गोष्ट काढून घेतली की पान्हा सुटत नाही. आमची प्रॅक्टिस सकाळ-संध्याकाळ नेमकी धारेच्या वेळेला व्हायची. हिला आमची सवय लागली होती.

आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी आमची सवय लागली होती, आणि ते आम्हाला सांगायची तिला सोय नव्हती.

कारभारीचा फोन आलाच. मावशींनी तो स्पीकरवर ठेवला, म्हणजे आम्हालाही शिव्या बसाव्यात. "काकू, एक तर पान्हा सोडायची सुई टोच, नायतर पाचोडच्या बाजाराला काढ. बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी टेम्पो घेऊन येतो मी."

"सुई नाय," मावशी म्हणाल्या.

"मंग टेम्पो."

मावशींनी फोन ठेवला आणि पदरानं स्क्रीन पुसत राहिल्या, बराच वेळ.

"वाजवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काय वाजवत व्हता ते. आन मला आवडतं म्हून नाय सांगत, ध्यानात ठिवा."

आता अडचण अशी की वाजवायला ॲम्प नव्हता. डबी होती, पण डबीला स्वतःचा आवाज नसतो. तिला हेडफोन नाहीतर स्पीकर लागतो. विश्वजीतनं त्याच्या मामाचा डीजेचा स्पीकर आणला. आम्ही तो गोठ्यात नेला, शेण बाजूला सारून, कलेक्टरीणच्या तोंडासमोर बरोबर मांडला. बादली घेऊन मावशी बसल्या. मी तार छेडली.

डब्यात डास कोंडल्यासारखा आवाज आला. कलेक्टरीणनं कान फडफडवून तो डास हाकलायचा प्रयत्न केला.

"पेटीची नक्कल बंद आहे येड्या," श्रेया म्हणाली. ॲम्पच्या आवाजातला निम्मा गुण त्याच्या लाकडी पेटीचा असतो. थेट साध्या स्पीकरला जोडायचं तर डबीत पेटीचीही नक्कल चालू करावी लागते. मी चालू केली. डास गेला, गिटार आली.

मग आम्ही एकेक ॲम्प तिला ऐकवला. 'इंग्लिश क्रंच' लावला, ती मुतली. 'कॅलिफोर्निया लीड' लावला, तिनं पाठ फिरवली. 'व्हिंटेज क्लीन' लावला तेव्हा जरा वेळ ती ऐकतेय असं वाटलं. ती वायर चावत होती. श्रेयानं बासचे सगळे ॲम्प वाजवून दाखवले. त्यातल्या एकाला कलेक्टरीण हंबरली, आणि विश्वजीत ओरडला, "हाच! हाच!" पण ते रस्त्यावरून दुसरी म्हैस जात होती म्हणून होतं. इंटरनेटवर लोक एकेका ॲम्पबद्दल पानंच्या पानं लिहितात. कलेक्टरीणचं परीक्षण थोडक्यात असायचं आणि झाडूनं गोळा करावं लागायचं.

"थोडा ट्रेबल कमी कर," विश्वजीत म्हणाला.

"तू तिचा मॅनेजर आहेस का?"

"मी ऑडियन्सचा विचार करतोय, यार."

"ऑडियन्सनं तुझी चप्पल खाल्लीय, तिकडं बघ."

बादली कोरडीच राहिली. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "ऱ्हाऊ द्या पोरांनो," त्या म्हणाल्या. आजवर त्यांनी आम्हाला बऱ्याच गोष्टी म्हटल्या होत्या, पण इतकं मऊ कधी बोलल्या नव्हत्या. ते ऐकून मला शिव्यांची आठवण आली.

श्रेया मात्र तिथंच उकिडवी बसून डबीकडं बघत होती. "आपण तिला जगातले सगळे ॲम्प ऐकवले," ती म्हणाली. "आपला सोडून."

टेम्पो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता. सकाळी आम्ही नगर नाक्यावर कन्नडची एसटी पकडली. मांडीवर डबी, गिटार, बास, एक माइक आणि विश्वजीत, कारण त्याला बसायला जागा मिळाली नव्हती.

त्रिंबकभाऊ कन्नडच्या जीप स्टँडवर सापडले, आणि आमचा ॲम्पही. तो एका किराणा दुकानाच्या पायरीवर ठेवलेला होता, दुकानातल्या प्लगला जोडलेला. त्रिंबकभाऊंच्या हातात माइक होता. "चाळीसगाव, चाळीसगाव, घाटातून चाळीसगाव! एकच शीट, एकच शीट!" आमच्या ॲम्पमधून इतकं स्पष्ट काही कधीच बाहेर आलं नव्हतं. जीप पूर्ण रिकामी होती.

आम्ही सगळी हकीकत सांगितली. त्रिंबकभाऊंनी ती शांतपणे ऐकली. म्हैस, पान्हा, बाजार, टेम्पो. त्यांना यात काहीच विचित्र वाटलं नाही, याचंच मला जरा विचित्र वाटलं.

"घ्या की उतरवून," ते म्हणाले. "पर तवर गाडी कोण भरणार? पेटी तुमच्याकडं, तर वरडणार कोण?"

श्रेया आणि विश्वजीतनं माझ्याकडं बघितलं.

ॲम्पची नक्कल उतरवताना डबी त्याच्यात चित्रविचित्र आवाज सोडते. आधी कुईईई, मग घर्रर्र, मग मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखं काहीतरी. ॲम्प ते आपल्या पद्धतीनं ओरडून दाखवतो, समोरचा माइक ते ऐकतो, आणि त्यावरून डबी ॲम्पचा स्वभाव शिकते. या वेळी आजूबाजूला शांतता असली तर बरं. आम्ही जीप स्टँडवर होतो आणि मी स्वतः "चाळीसगाव!" म्हणून बोंबलत होतो. विश्वजीत मला लांब, लांब, आणखी लांब जायची खूण करत राहिला. मी रसवंतीपर्यंत पोचलो.

एका आजींनी विचारलं, "बाबा, गाडी कवा सुटंल?"

"मला माहीत नाही आजी. मी गिटारिस्ट आहे."

"मंग वरडतो कशापायी?"

हा प्रश्न मला याआधीही लोकांनी विचारलेला आहे.

तिकडं ॲम्पमधून कुईईई सुरू झालं आणि गर्दी जमायला लागली. लोकांना वाटलं जीपला नवा हॉर्न बसवलाय. जे बघायला आले त्यांतले काही पाय दुखतात म्हणून जीपमध्ये बसले, आणि बसलेले बघून बाकीचे जागा जाईल म्हणून घुसले. मी परत आलो तेव्हा जीप भरून निघालीसुद्धा होती, आणि मागं लटकलेला एक माणूस दुसऱ्याला विचारत होता की आपण कुठं चाललोय. त्रिंबकभाऊ डबीकडं हावरेपणानं बघत होते.

"ह्याच्यात 'चाळीसगाव' टाकून भेटंल का?"

श्रेयानं हेडफोन लावून बास वाजवून बघितली, डोळे मिटले, आणि हेडफोन मला दिला. तोच आवाज. जाडा, थोडा सर्दी झालेला, मधल्या सुरांत नाराज. आमचाच ॲम्प, डबीत. स्क्रीन नाव विचारत होती. विश्वजीतनं 'मिल्क' टाकलं.

परतीच्या एसटीत आम्ही दुधाचा डबा नेतोय आणि तो सांडेल अशा बेतानं डबी मांडीवर धरून बसलो होतो.

पडेगावात पोचलो तर गल्लीत टेम्पो उभा. फाळका पाडलेला, आत पेंढा पसरलेला. कारभारी दाव्याला हात घालून उभा होता. आम्ही त्याला थांबायला सांगितलं. तो थांबला, म्हटलं ना, माणूस वाईट नाही. स्पीकर कलेक्टरीणसमोर होताच. आम्ही 'मिल्क' लावलं आणि जीव ओतून वाजवलं. इतकं स्वच्छ आम्ही कुठल्याच कार्यक्रमात वाजवलेलं नाही. मावशी कासेला हात लावून बसल्या होत्या आणि डोळे मिटून वाट बघत होत्या.

कलेक्टरीणनं सगळं ऐकून घेतलं. मग स्पीकरला शिंग घासलं.

"ह्याच्यासाठी कन्नडला गेल्ते?" कारभारीनं विचारलं. त्यात कुचेष्टा नव्हती, म्हणून जास्त लागलं.

मावशींनी बादली पालथी घातली. "शेवटची पेंड खाऊ दे तिला," त्या म्हणाल्या. "रिकाम्या पोटी नाय चढवायची टेम्पोत."

"काकू, रडू नगं."

"म्या कुटं रडतेय? डोळ्यात पेंड गेली."

आम्ही स्पीकर उचलला आणि खोलीत आलो. बघवत नव्हतं, हे खरं कारण. मी दार लावलं. खिडकीही लावली. तरी भिंतीपलीकडून मावशींचं बोलणं ऐकू येत होतं, म्हशीशी चाललेलं, हळूहळू. पाचोडला पाणी गोड आहे, असं काहीतरी सांगत होत्या. बाजारातून ती कुठं जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं, पाचोडच्या पाण्याशी तिचा काही संबंध येणार नव्हता.

श्रेयानं स्पीकर नेहमीच्या जागी टेकवला, जिथं जुना ॲम्प असायचा, भिंतीला लागून. वायर लावली आणि पायानं दिसेल ते बटण दाबलं.

"आता कशाला?" विश्वजीत म्हणाला.

"ते ऐकू येऊ नये म्हणून," ती म्हणाली आणि बास जोरात सुरू केली. रागानं वाजवत होती. मीही गिटार जोडली. विश्वजीतनं काड्या घेतल्या. आमची स्वतःची एक चाल आहे, ती मध्यावर नेहमी कोसळते. ती कोसळली, आम्ही पुन्हा पहिल्यापासून धरली. पत्रे थरथरायला लागले. मला बरं वाटत नव्हतं, पण काही ऐकूही येत नव्हतं, आणि तेवढंच पाहिजे होतं.

मग भिंतीवर धाड धाड. कुणीतरी पलीकडून बादली आपटत होतं. मला वाटलं, मावशी म्हणताहेत बास करा, इथं माणसं रडताहेत. मी थांबलो.

"थांबू नका!" भिंतीपलीकडून मावशींचा आवाज. "मुडद्या, थांबला कशाला? वाजव!"

मी वाजवलं.

"सोडला! सोडला गं बाई, सोडला! कारभारी, ती दुसरी बादली दे. आरं ती नाय, मोठी! उबा काय ऱ्हायला खांबावानी!"

आम्ही तिघं एकमेकांकडं बघत वाजवत राहिलो. डोक्यात प्रकाश आधी श्रेयाच्या पडला. तिनं मानेनंच भिंत दाखवली.

या पेडलांबद्दल गिटारवाल्यांची एक कायमची तक्रार असते. आवाज हुबेहूब आहे, पण खोलीत खरा ॲम्प असल्यासारखं वाटत नाही. त्यावर रात्रंदिवस भांडणं चालतात. कलेक्टरीणची तक्रार त्याच्याही एक भिंत पुढची होती. तिनं खोलीतला ॲम्प कधी ऐकलाच नव्हता. तिनं ऐकला होता तो विटांतून गाळून आलेला, वरचे सगळे सूर भिंतीनं खाल्लेले, फक्त खालची घुमघुम उरलेली, दावणीच्या दगडातून खुरात चढणारी. आणि आम्ही मोठे कलाकार, प्रेक्षक दिसला की त्याच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिलो होतो. दूध कासेतून येतं, आणि आम्ही दुसऱ्या टोकाला वाजवत बसलो होतो.

"पण 'मिल्क' लय भारी उतरलंय ना?" विश्वजीत वाजवता वाजवता ओरडला. "कन्नड वाया नाही गेलं!"

मी खाली स्क्रीनकडं बघितलं. 'इंग्लिश क्रंच' लागलेला होता. जो ऐकून ती मुतली होती, तोच. मी श्रेयाकडं बघितलं. श्रेयानं विश्वजीतकडं बघितलं.

"हो," ती ओरडली. "भारी उतरलंय."

आता एकच पंचाईत राहिली. आम्ही दार लावून आत होतो, धार भिंतीपलीकडं चालली होती, आणि थांबायचं कधी हे सांगायला कुणी येत नव्हतं. मध्येच थांबलो आणि तिनं पान्हा आवरला तर? म्हणून आम्ही वाजवत राहिलो. चाल कोसळली की उचलायची, कोसळली की उचलायची. माझी बोटं सुजली. श्रेयानं बूट काढून टाकले. विश्वजीतच्या हातांना मुंग्या आल्या, तो एका हातानं वाजवत दुसरा झटकत होता, मग हात बदलत होता. त्याला एकदा हसू फुटलं, मग मला, मग तिघांनाही, आणि त्यामुळं चाल आणखी कोसळली. पण हसू थांबेना. टेम्पोचा फाळका, मावशींचे डोळे, चाळीसगाव, सगळं मिळून त्या हसण्यातून बाहेर पडत होतं.

दार ढकलून मावशी आत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बादली होती, काठोकाठ, वर फेस. त्यांनी ती आम्हाला दाखवली, परातीतला पेढा दाखवतात तशी. पदर दुधानं भिजला होता.

"बास. झाली," त्या म्हणाल्या. "सकाळी किती वाजता येतो रं अभ्या?"

"कंपनीची बस यायच्या आधी येतो, मावशी."

"ये. चहा ठिवते. आन शिरेया, पोरी, तुझं ते जाडं जाडं वाजतं ना, ते लई गुणाचं हाय बग. ह्याचं नुसतं किरकिर."

श्रेया लाजली. मी तिला लाजताना पहिल्यांदाच बघत होतो. मावशी गेल्या. आम्ही वायरी काढल्या, स्पीकर बंद केला, आणि जमिनीवरच आडवे झालो. कुणाला उठायची घाई नव्हती.

भिंतीपलीकडचं आता सगळं ऐकू येत होतं. दूध किटलीत ओतल्याचा आवाज. कारभारी विचारत होता, काकू, खोलीला भाडं लावलंय का ह्यांना, आणि मावशी म्हणत होत्या, तुला कशाला पंचायती, तू चहा पी. कपबशीचा किणकिणाट. कलेक्टरीणचा एक लांब सुस्कारा. मग टेम्पो सुरू झाला, गल्लीत मागं-पुढं झाला, आणि वळून रस्त्याला लागला. आत काहीच नसल्यामुळं त्याचा फाळका प्रत्येक खड्ड्यात खडखडत होता, खूप लांबपर्यंत.

विश्वजीत डोळे मिटून ऐकत होता.

"काय टोन आहे यार," तो म्हणाला.